पावसाला खंड, किडीला रान: चेंबूरच्या एका रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षांचं प्रकरण

चेंबूरच्या एका जुन्या वसाहतीत मैदान आणि इमारती यांच्या मधून जाणारा एक सरळ रस्ता आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना पर्जन्यवृक्ष, म्हणजे सगळे ज्याला रेन ट्री म्हणतात ती झाडं. वसाहत उभी राहिली त्याच सुमारास ती लावली गेली. वरती फांद्या एकमेकींत गुंतून कमान झालेली, त्यामुळे भर मे महिन्यातही या रस्त्यावरून चालणं सुसह्य असायचं. २०१५ ते २०१७ या काळात इमारतींच्या बाजूची बहुतेक झाडं वाळून गेली. मैदानाच्या बाजूची बहुतेक तगली. दोन्ही बाजूंना कीड तीच होती, हवा तीच होती, फवारणीचा टँकरही तोच होता.

त्या वर्षांत हे एवढ्याच रस्त्यावर घडलं असं नाही. मुंबईच्या अनेक भागांत पर्जन्यवृक्ष उभ्याउभ्या वाळत होते आणि प्रत्येक ठिकाणी एकच नाव ऐकू येत होतं: मिलीबग. शेतकऱ्यांच्या भाषेत पिठ्या ढेकूण. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि याच वसाहतीत राहते, म्हणून या रस्त्याच्या नोंदी माझ्याकडे आहेत. कीड आली, झाडं गेली, एवढं सगळ्यांनी पाहिलं. ती त्याच वर्षांत का फोफावली आणि एकाच बाजूला जीव का घेऊन गेली, हे इथे मांडते.

आधी लक्षणं

सुरुवातीची तक्रार गाड्यांची होती. झाडाखाली उभ्या केलेल्या गाड्यांच्या काचा चिकट होत होत्या आणि पुसल्या तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग फुटपाथवर पाय चिकटायला लागले. त्यानंतर खालची पानं काळवंडली, जणू काजळी धरली. ही काजळी म्हणजे बुरशी. पिठ्या ढेकूण झाडाचा अन्नरस शोषतो. त्या रसात साखर भरपूर आणि नत्र अगदी थोडं असतं. त्याला हवं असतं नत्र, त्यामुळे तो ढसाढसा रस ओढतो आणि नको असलेली साखर मागच्या बाजूने थेंबाथेंबाने टाकून देतो. त्या गोड थरावर काळी बुरशी वाढते आणि पान झाकून टाकते. मुंग्यांना तर हा थेंब हवाच असतो. खोडावरून मुंग्यांची रांग अखंड वर जाताना दिसली, तर वर काय चाललंय हे चढून पाहायची गरज नसते.

नंतर शेंडे आखडले. कोवळी पानं उलगडण्याऐवजी मुठीसारखी आवळून राहिली आणि त्या मुठीत पांढरा कापूस भरलेला. एक शेंडा तोडून आणला आणि भिंगाखाली धरला. कापूस बाजूला केल्यावर आत तीन-चार मिलिमीटरच्या मऊ, लंबगोल माद्या एकमेकींना खेटून बसलेल्या, अंगावर मेणाची भुकटी, आणि त्यांच्या मागे अंड्यांच्या पिशव्या. सुई लावली की मादीच्या अंगातून गुलाबीसर रस येत होता. त्याच आठवड्यात इमारतीच्या कुंपणाजवळच्या पपईवरची आणि पांढऱ्या चाफ्यावरची कीड आणली. दिसायला तशीच पांढरी, पण दाबली की रस पिवळा. अल्कोहोलमध्ये टाकल्यावर ती काळीनिळी पडली.

म्हणजे रस्त्यावर एक नव्हे, दोन पाहुणे होते. पिवळ्या अंगाचा, अल्कोहोलमध्ये काळा पडणारा, हा पपईवरचा पिठ्या ढेकूण. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. भारतात तो २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला आणि दोन वर्षांत पपई, तुती, कसावा असं मिळेल ते खात पसरला. पर्जन्यवृक्षावरचा मात्र गुलाबी पिठ्या ढेकणाशी जुळत होता. हा आपल्याकडचा जुना. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. आमच्या वसाहतीतले माळीमामा तासगावकडचे. त्यांनी शेंडा हातात घेतला आणि लगेच म्हणाले, "मॅडम, ही तर आमच्या द्राक्षावरची मिलीबग. खोडाची साल काढल्याबिगर मरत न्हाई ही." सालीच्या फटीत ती दडून बसते आणि औषध तिथे पोचत नाही, हे त्यांनी बागेत शिकलेलं. पुढे त्याचा उपयोग झाला.

इथे थोडं थांबते, कारण "परकी कीड" हा शब्द या प्रकरणात सरळ लागू पडत नाही. पर्जन्यवृक्ष स्वतः परका. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आणलेला, सावलीसाठी रस्तोरस्ती लावलेला. गुलाबी पिठ्या ढेकूण दक्षिण आशियातला. १९९४ मध्ये हाच ढेकूण कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर पोचला आणि तिथल्या पर्जन्यवृक्षांवर, जास्वंदीवर, फळझाडांवर तुटून पडला. तिथे कीड परकी आणि झाड त्या भागातलं. इथे झाड परकं आणि कीड घरची. दोन्हीकडे झाडाची आणि किडीची गाठ नव्यानेच पडलेली. शेकडो पिढ्या एकमेकांसोबत न काढलेल्या झाडाकडे त्या किडीविरुद्ध ठेवणीतला उपाय नसतो.

याच्या उलट उदाहरण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथला साग पावसाळ्याच्या सुरुवातीला अळ्या खाऊन बोडका करतात, आणि पाऊस सरता सरता दुसरी अळी त्याच्या पानांची जाळी करते. डोंगर तपकिरी दिसतो. दरवर्षी कुणीतरी घाबरून विचारतं की जंगल वाळतंय का. वाळत नाही. सागाला पुन्हा पानं येतात, पक्षी अळ्यांवर ताव मारतात. ती जोडी जुनी आहे. तिथेही अळीचं वेळापत्रक पावसावर चालतं: वळवाच्या सरी आल्या, कोवळी पालवी फुटली की पतंग येतात. पण झाड हा हिशेब धरूनच वाढलेलं असतं. आमच्या रस्त्यावर तो हिशेब नव्हता.

मुंबईत किडीला आवरतो तो पाऊस

हवामान आणि झाडांवरच्या किडी यांबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतलं. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या हेमलॉक वृक्षांवर जपानहून आलेली एक लोकरी कीड आहे. कडाक्याची थंडी पडली की ती मोठ्या संख्येने मरते. हिवाळे सौम्य होऊ लागले तशी ती उत्तरेकडे सरकली. हा नमुना सगळ्यांना पाठ आहे: थंडी कमी, कीड जास्त.

मुंबईला तो लावता येत नाही. इथे कीड मरावी अशी थंडी कधीच पडत नाही. पिठ्या ढेकणाची वाढ थांबायला पारा खूप खाली जावा लागतो आणि आमच्या जानेवारीतल्या पहाटा काही त्याला रोखत नाहीत. मुंबईत किडीला आवरण्याचं काम थंडी करत नाही, पाऊस करतो. चार महिन्यांचा, संततधार, अंगावर मारा करणारा. अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान असतात आणि पानावर मोकळी फिरत असतात. त्यांना जोराची सर धुऊन खाली नेते. शिवाय हवा आठवडेच्या आठवडे दमट राहिली की किडींना लागणाऱ्या बुरशा वाढतात. शेतकरी व्हर्टिसिलियम म्हणून जी बुरशी विकत आणून फवारतात, तिच्या जातीच्या बुरशा ओल्या हवेत आपसूक आपलं काम करत असतात.

आता त्या वर्षांचा पाऊस पाहू. २०१४ चा जून मुंबईत जवळजवळ कोरडा गेला. सांताक्रूझच्या वेधशाळेत महिनाभरात शंभर मिलिमीटरही पाऊस झाला नाही. एरवी जूनमध्ये पाचशेच्या आसपास होतो. तलाव तळाला गेले आणि जुलैच्या सुरुवातीला २० टक्के पाणीकपात लागली. त्या वर्षी देशाचा मॉन्सून सरासरीपेक्षा १२ टक्के कमी होता, पुढच्या वर्षी १४ टक्के. २०१५ मध्ये मुंबईत गंमत उलटी झाली असं वरवर वाटेल. १९ जूनला एका दिवसात २८३ मिलिमीटर पाऊस झाला, शहर ठप्प झालं, जूनचा एकूण आकडा हजाराच्या वर गेला. मग पाऊस गायब. जुलै आणि ऑगस्टमध्ये लांबलचक खंड पडले आणि ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा २० टक्के पाणीकपात. वर्षाचा आकडा बघून "पाऊस बरा झाला" म्हणता येतं. झाडाला आणि किडीला मात्र आकडा कळत नाही, कळतात ते कोरडे आठवडे. एका दिवसातला २८३ मिलिमीटर पाऊस गटारातून खाडीत जातो. त्याने त्या दिवशीची पिल्लं धुतली जातात. पिशवीतली अंडी आणि सालीखालच्या माद्या राहतात. नंतरच्या तीन कोरड्या आठवड्यांत त्या पुन्हा सगळं भरून काढतात.

हे किती झपाट्याने होतं ते साध्या हिशेबाने कळेल. गुलाबी पिठ्या ढेकणाची मादी काही शे अंडी घालते, चांगल्या स्थितीत सहाशेपर्यंत. समजा चारशे धरली. उबदार हवेत एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. फेब्रुवारी ते जून म्हणजे पाच पिढ्या. शंभरातली ९८ पिल्लं मेली, तर एका मादीमागे आठ जगतात, त्यांत चार माद्या. पाच पिढ्यांनी एका मादीच्या हजारभर होतात. आता ९८ ऐवजी ९५ मेली असं धरा. वीस जगली, दहा माद्या. पाच पिढ्यांनी एक लाख. मरणाऱ्यांत फक्त तीन टक्क्यांचा फरक आणि शेवटी शंभरपट कीड. म्हणून पावसाची पकड पूर्ण सुटावी लागत नाही, थोडी ढिली पडली तरी पुरते. आमच्या रस्त्यावर ती लागोपाठ दोन वर्षं ढिली पडली.

हे दोन वर्षांपुरतं दुर्दैव मानून सोडून देता आलं असतं. पण भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये काढलेल्या हवामानबदलाच्या अहवालात हाच कल मांडला आहे. १९५१ ते १९८० च्या तुलनेत १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातले कोरडे खंड २७ टक्क्यांनी जास्त वेळा पडले आणि ओले काळ अधिक तीव्र झाले. मध्य भारतात अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीने वाढल्याचं २०१७ च्या एका अभ्यासातून पुढे आलं. एकूण पाऊस फारसा न बदलताही त्याची वाटणी बदलते आहे: थोड्या दिवसांत खूप, मधे मोठे खंड. रस शोषणाऱ्या किडीला नेमकं हेच मानवतं.

त्याचं कारण झाडाच्या आत आहे. तहानलेल्या झाडात प्रथिनं मोडतात आणि अन्नरसातलं विद्राव्य नत्र वाढतं, म्हणजे किडीचं खाणं कसदार होतं. पण झाड सतत कोरडंच राहिलं तर त्याच्यातला रसाचा दाब इतका उतरतो की किडीलाही तो ओढता येत नाही. म्हणून शोषक किडींच्या बाबतीत कीटकशास्त्रज्ञांनी अशी मांडणी केली आहे की झाडाला आळीपाळीने तहान आणि पाणी मिळालं की या किडींचं सगळ्यात जास्त फावतं. तहानेच्या दिवसांत रस नत्राने कसदार होतो, पाणी मिळालं की दाब परत येतो आणि तो कसदार रस सहज मिळतो. खंडाखंडाने पडणारा पाऊस झाडाला असंच वागवतो.

रस्त्याची दुसरी बाजू

आता मूळ प्रश्नाकडे येते. हवामान तर दोन्ही बाजूंना सारखंच होतं.

इमारतींच्या बाजूला काही वर्षं आधी रस्त्याचं काँक्रिटीकरण झालं होतं. त्या वेळी गटारासाठी आणि केबलींसाठी चर खणले गेले आणि त्या चरांत पर्जन्यवृक्षांची आडवी पसरलेली मुळं तोडली गेली. हे मी स्वतः पाहिलं आहे, मनगटाएवढी मुळं मशीनने तुकडे होऊन मातीच्या ढिगात पडलेली. या झाडाची मुळं खोल जात नाहीत, वरच्या फांद्यांच्या छत्रीइतकीच लांब आडवी पसरतात. एका बाजूची मुळं तुटली म्हणजे झाडाचा निम्मा घास गेला. नंतर फुटपाथवर पेव्हर ब्लॉक बसले, अगदी बुंध्याला चिकटून. पावसाचं पाणी मुळांपर्यंत जायला वाटच राहिली नाही. दरवर्षी मे महिन्यात पावसाळापूर्व छाटणी व्हायची तीही याच बाजूला, कारण गॅलऱ्या आणि वायरी इकडे. मोठ्या फांद्या तोडल्या की झाड घाईघाईने कोवळे फुटवे काढतं, आणि कोवळा फुटवा म्हणजे पिठ्या ढेकणाला पंगतच.

मैदानाच्या बाजूला कुंपणाच्या आत माती उघडी होती. मुलं खेळून ती टणक झालेली, पण पाणी जिरायचं. पालापाचोळा तिथेच कुजायचा.

आणखी एक फरक उन्हाचा. काँक्रीट आणि पाच मजली भिंती दिवसभर तापतात आणि रात्री ती उष्णता सोडत राहतात. शहरातली ही उष्णता झाडांवरच्या किडी वाढवते का, याचा एक देखणा अभ्यास अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅले शहरात झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रस्त्याकडेच्या ओक वृक्षांवर पिठ्या ढेकणाच्याच नात्यातली एक खवलेकीड असते. शहराच्या सगळ्यात गरम भागातल्या झाडांवर ती थंड भागातल्या झाडांपेक्षा तेरापट सापडली. झाडं त्याच जातीची, शहर तेच, फरक काही अंशांचा. आमच्या रस्त्यावर मी तापमापक लावले नव्हते. पण मार्च-एप्रिलमध्ये पर्जन्यवृक्ष जुनी पानं टाकून नवी पालवी काढतो, आणि त्या पालवीवर किडीची पहिली मोठी लाट यायची ती इमारतींच्या बाजूला आधी. मैदानाकडे ती उशिरा आणि विरळ यायची. हे सलग दोन उन्हाळे दिसलं.

किडीचे शत्रूही या उन्हात मागे पडतात. क्रिप्टोलेमस नावाचा एक ढालकिडा पिठ्या ढेकूण खाऊन जगतो. ऑस्ट्रेलियातला हा किडा १८९८ मध्येच भारतात आणला गेला आणि रुळला. पण कडक उन्हात त्याचं काम मंदावतं. त्यात त्या वर्षांत जवळच बांधकामं चालू होती आणि पानांवर सिमेंटची धूळ साचलेली. पिठ्या ढेकणात अंडी घालणाऱ्या बारीक गांधिलमाश्यांना अशा धुळीत यजमान सापडणं कठीण जातं. वर मुंग्या पहाऱ्याला. गोड थेंबाच्या बदल्यात त्या पिठ्या ढेकणाच्या शत्रूंना हुसकावून लावतात, शिवाय पिल्लं उचलून नव्या फांदीवरही नेतात.

काय केलं, काय झालं

पहिला उपाय फवारणीचा होता. ऑगस्टमध्ये टँकर आला आणि खालून जेवढं पोचेल तेवढं कीटकनाशक मारलं. दोन दिवसांनी सर आली आणि सगळं धुतलं गेलं. दुसरी फेरी ऑक्टोबरमध्ये, कोरड्या हवेत झाली. पहिल्या आठवड्यात शेंडे स्वच्छ दिसले, लोकांना बरं वाटलं. डिसेंबरात कीड पूर्वीपेक्षा दाट होती.

दुसऱ्या फेरीनंतर सकाळी फुटपाथवर जे पडलं होतं ते मी गोळा करून पाहिलं. पांढऱ्या, केसाळ, सेंटीमीटरभर लांबीच्या अळ्या. झाडणाऱ्या ताई म्हणाल्या, "बघा, केवढी मोठी झाली होती कीड!" ती कीड नव्हती. क्रिप्टोलेमसची अळीही अंगावर पांढऱ्या मेणाचे धागे मिरवते आणि पिठ्या ढेकणाची मोठी बहीण असल्यासारखी दिसते. त्या वेशामुळे मुंग्या तिला ओळखत नाहीत. टँकरलाही ती ओळखता आली नाही. सालीच्या फटीत आणि कापसाच्या आत बसलेला पिठ्या ढेकूण औषधातून वाचला, उघड्यावर फिरून त्याला खाणारी अळी मेली. फवारणीनंतर कीड दुणावण्याचं कारण एवढंच.

त्यानंतर वसाहतीतल्या काही जणांनी मिळून मैदानाच्या बाजूला वेगळी वाट धरली. तिकडे का, तर तिकडची झाडं वाचण्यासारखी होती आणि माती उघडी असल्यामुळे काही करता येत होतं. परवानगी घेऊन आखडलेले शेंडे हाताला येतील तेवढे कापले आणि तिथल्या तिथे पिशवीत बांधले, ओढत नेले नाहीत, कारण ओढत नेलेल्या फांदीवरून पिल्लं वाटभर गळतात. माळीमामांच्या सांगण्यावरून बुंध्याची सुटलेली साल ब्रशने काढली आणि मुंग्यांसाठी खोडाला चिकट पट्टा बांधला. मार्चपासून दर आठवड्याला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खालच्या फांद्या धुतल्या. पाणीकपात चालू असताना पिण्याचं पाणी वापरणं कुणालाच पटलं नसतं, म्हणून वसाहतीच्या जुन्या विहिरीचं पाणी टँकरने आणलं. तेच पाणी बुंध्यापासून लांब, छत्रीच्या कडेखाली, आळं करून दिलं आणि वर पालापाचोळा पसरला. क्रिप्टोलेमसचे किडे जैविक प्रयोगशाळेतून मागवून संध्याकाळी, ऊन उतरल्यावर सोडले.

या सगळ्यात कशाचा किती वाटा, हे वेगळं काढता येत नाही, कारण २०१६ चा पावसाळाही साथीला आला. त्या वर्षी मुंबईत पाऊस चांगला आणि बऱ्यापैकी सलग झाला. जुलैअखेर दोन्ही बाजूंची कीड झपाट्याने उतरली. पण उतरल्यानंतर जे झालं ते दोन्हीकडे सारखं नव्हतं. मैदानाकडच्या झाडांनी सप्टेंबरात नवी पालवी काढली. इमारतींकडच्या झाडांवर कीड कमी होऊनही फांद्या शेंड्याकडून मागे वाळत राहिल्या. मुळं तुटलेली, बुंध्याभोवती हवा-पाणी बंद, साठवलेलं अन्न दोन वर्षं किडीने ओढलेलं. पुन्हा उभारी धरायला त्यांच्याकडे काही उरलेलं नव्हतं. २०१७ चा उन्हाळा त्यांनी पाहिला, पण पानं आली नाहीत. २९ ऑगस्ट २०१७ ला शहरात ३३१ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा त्यांतल्या वाळक्या फांद्या रस्त्यावर कोसळल्या. कुणाला लागलं नाही. नंतर ती झाडं रीतसर परवानगीने कापली गेली.

म्हणून "मिलीबगने झाडं मारली" किंवा "हवामानबदलाने झाडं मारली", ही दोन्ही वाक्यं मला अपुरी वाटतात. हवामानाने किडीला मोकळं रान दिलं. किडीने झाडांना उपाशी ठेवलं. पण कोणती झाडं त्यातून उठतील हे आधीच, चर खणताना आणि पेव्हर बसवताना ठरून गेलं होतं. पाऊस आपल्या हातात नाही. बुंध्याभोवतीची माती आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. पर्जन्यवृक्षासारख्या आडव्या मुळांच्या झाडाला एक मीटर ही फार थोडी सवलत आहे, तरी तेवढी मिळाली असती तर आमच्याकडची काही झाडं आज उभी असती असं मला ठामपणे वाटतं. २०१८ च्या गणनेनुसार मुंबईत २९ लाख ७५ हजारांवर झाडं आहेत. त्यांतली किती पेव्हरमध्ये गळ्यापर्यंत बुजलेली आहेत, ते कोणत्याही रस्त्यावर दहा मिनिटं चाललं तरी दिसतं.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं, कारण ती गोष्ट दिलासा देणारी आहे. २०१० मध्ये बंगळुरूच्या, शेतीतल्या कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून तीन जातींच्या बारीक परोपजीवी गांधिलमाश्या आणल्या. त्यांतल्या असिरोफॅगस पपाये या जातीने तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्रात कीड इतकी आटोक्यात आणली की पपईच्या बागायतदारांची फवारणी बरीचशी थांबली. आमच्या चाफ्यावरून आणलेल्या ढेकणांत काही फुगून तपकिरी, कडक झालेले सापडले, पाठीवर गोल भोक पडलेले. माशी आतून खाऊन बाहेर पडली की असं कवच मागे राहतं. कुणी सोडल्या नव्हत्या, त्या आपल्या आपण चेंबूरपर्यंत आल्या होत्या. चाफ्यावर औषध मारू नका, असं तेव्हा सगळ्या इमारतींना सांगितलं आणि चाफा सावरला.

आत्ताची स्थिती

इमारतींच्या बाजूला आता करंज, ताम्हण आणि बहावा लावले आहेत. सगळी एकाच जातीची झाडं लावू नयेत यावर बैठकीत वाद झाला. काहींना पुन्हा पर्जन्यवृक्षच हवे होते, कारण तशी सावली दुसरं झाड देत नाही आणि ते खरंही आहे. पण एका जातीची रांग म्हणजे एका झाडावरून दुसऱ्यावर जायला किडीला सलग पूल. शेवटी मिश्र लागवड ठरली. प्रत्येक रोपाभोवती दीड मीटरचा चौकोन उघडा ठेवायचं मान्य झालं. दोन ठिकाणी तो चौकोन नंतर कुणीतरी दुचाकी लावण्यासाठी लाद्या टाकून बुजवला होता, तो पुन्हा उघडून घेतला.

मैदानाकडचे पर्जन्यवृक्ष आजही आहेत. कीडही आहे, सालीच्या फटींत, थोडी. ती पूर्ण जाणार नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यापासून, पालवी फुटायच्या आधी, आम्ही खोडावरच्या मुंग्यांची रांग आणि हाताला येणारे शेंडे तपासतो. जुलै-ऑगस्टमध्ये लागोपाठ दहा-बारा दिवस पाऊस नसेल तर पुन्हा एक फेरी मारतो, कारण पावसाळा चालू आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात आणि कीड नेमकी तेव्हाच मुसंडी मारते. मेमधल्या छाटणीसाठी ठेकेदाराची माणसं आली की सोबत कुणीतरी उभं राहतं आणि वायरीला लागणाऱ्या फांद्यांपलीकडे करवत जाऊ देत नाही. विहिरीवर आता छोटा पंप बसवला आहे. आळ्यांपर्यंत पाइप नेण्याचं काम यंदाच्या मार्चच्या आत व्हायला हवं.